वाळवंटी रॅली शर्यतींतील सुरक्षितता आणि मृत्यूची जोखीम : डकार रॅलीच्या विशेष संदर्भात

गोषवारा

दीर्घ पल्ल्याच्या वाळवंटी रॅली शर्यती हा साहसी क्रीडाप्रकारांतील अत्यंत खडतर व तितकाच वादग्रस्त प्रकार मानला जातो. या प्रकाराची प्रातिनिधिक स्पर्धा म्हणजे 'डकार रॅली'. १९७८ च्या अखेरीस सुरू झालेल्या या स्पर्धेत स्पर्धक, साहाय्यक कर्मचारी, पत्रकार, प्रेक्षक आणि मार्गावरील रहिवासी अशा विविध घटकांतील व्यक्तींना प्राण गमवावे लागले आहेत. प्रस्तुत लेखात या मृत्यूंमागील कारणांचे वर्गीकरण केले असून सुरक्षाव्यवस्थेत झालेले बदल, त्यांचे परिणाम व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. स्वेच्छेने पत्करलेली जोखीम आणि संमतीवाचून लादली गेलेली जोखीम यांतील भेद हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : डकार रॅली, वाळवंटी शर्यत, क्रीडा-सुरक्षा, जोखीम, संमती, त्रयस्थ व्यक्ती.

प्रास्ताविक

मानवाला साहसाचे आकर्षण पूर्वापार आहे. गिर्यारोहण, सागरभ्रमण, ध्रुवीय मोहिमा यांच्या पंक्तीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळवंटी रॅली शर्यतीची भर पडली. फ्रेंच मोटारसायकलस्वार थिएरी साबीन हा १९७७ साली आबिजान-नीस रॅलीत भाग घेत असताना लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला व मृत्यूच्या दाराशी जाऊन परतला. या अनुभवाने धास्तावून तो वाळवंटापासून दूर गेला नाही. उलट हा अनुभव इतरांनाही घेता यावा अशी स्पर्धा भरवण्याचा संकल्प त्याने केला. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून सेनेगलची राजधानी डकारच्या दिशेने पहिली 'पॅरिस-डकार' रॅली निघाली. सुमारे दहा हजार किलोमीटरच्या या प्रवासाला निघालेल्या वाहनांपैकी निम्म्याहून कमी वाहने जानेवारी १९७९ मध्ये डकारला पोहोचली. याच पहिल्या स्पर्धेत नायजर देशातील आगादेझ येथे एका फ्रेंच मोटारसायकलस्वाराचा अपघाती मृत्यू झाला.

स्पर्धेचा जन्म एका हरवण्यातून झाला आणि पहिल्याच वर्षी तिला मृत्यूची छाया लाभली, या दोन्ही गोष्टी लक्षणीय आहेत. धोका हा या स्पर्धेत बाहेरून शिरलेला दोष नव्हे. तो तिच्या मूळ कल्पनेचाच घटक आहे. म्हणूनच येथे 'सुरक्षितता' या शब्दाचा अर्थ अन्य क्रीडाप्रकारांहून निराळा ठरतो. धोका पूर्णतः नाहीसा केला तर स्पर्धेचे स्वरूपच उरत नाही आणि तो मोकळा सोडला तर स्पर्धेचे समर्थन करता येत नाही. या कोंडीतून संयोजकांनी कसकशी वाट काढली, ती कितपत यशस्वी ठरली आणि कोणाच्या वाट्याला ती आलीच नाही, याचा शोध घेणे अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) दीर्घ पल्ल्याच्या वाळवंटी रॅली शर्यतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) अशा शर्यतींतील मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण करणे.
३) सुरक्षाव्यवस्थेत काळानुरूप झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
४) त्रयस्थ व्यक्तींच्या मृत्यूंमुळे उद्भवणाऱ्या नैतिक प्रश्नाची मांडणी करणे.
५) भारतीय स्पर्धकांच्या वाढत्या सहभागाच्या संदर्भात या विषयाचे महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिकरीत्या नोंदल्या गेलेल्या घटना व स्पर्धेची नियमावली यांचा आधार घेतला आहे. मृतांच्या एकूण आकड्याबाबत निरनिराळ्या गणनांत फरक आढळतो. कारण कोणता मृत्यू 'स्पर्धेतील' मानावा याविषयी एकवाक्यता नाही. ही संदिग्धता स्वतःच विवेचनाचा विषय असल्याने येथे एकत्रित आकडेवारीपेक्षा ठळक घटनांच्या विश्लेषणावर भर दिला आहे.

१. स्पर्धेचे स्वरूप

रॅली शर्यत ही बंदिस्त मार्गावरील शर्यत नसते. दररोज एक टप्पा याप्रमाणे सुमारे दोन आठवडे ती चालते. प्रत्येक टप्प्याचे दोन भाग असतात. मुक्कामाच्या तळापासून शर्यतीच्या आरंभस्थानापर्यंत आणि शर्यत संपल्यावर पुढील तळापर्यंतचा प्रवास सामान्य रहदारीच्या रस्त्याने करावा लागतो. त्यास 'जोडमार्ग' म्हणता येईल. या दोहोंमधील 'विशेष टप्पा' हाच वेळेच्या हिशेबाचा खरा शर्यतभाग होय. वालुकागिरी, खडकाळ पठारे, कोरडी नदीपात्रे आणि उंटगवताची उंचवट्याची मैदाने असा प्रदेश त्यात पार करावा लागतो.

स्पर्धकाला नकाशा दिला जात नाही. त्याच्या हाती असते ते 'रोडबुक', म्हणजे अंतर, दिशा व खुणा यांची सांकेतिक मार्गपुस्तिका. पुढील धोक्याची तीव्रता त्यात एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हांनी दर्शविलेली असते. मोटारीत ही पुस्तिका वाचण्यासाठी सहचालक असतो. मोटारसायकलस्वाराला मात्र वाहन चालवणे, वाट शोधणे आणि पुस्तिका वाचणे ही तिन्ही कामे एकाच वेळी एकट्यानेच करावी लागतात. या मूलभूत विषमतेमुळेच मृत स्पर्धकांत मोटारसायकलस्वारांची संख्या सर्वाधिक आहे.

स्पर्धेचा भूगोलही बदलत गेला आहे. आरंभीची तीन दशके ती प्रामुख्याने आफ्रिकेत, २००९ ते २०१९ या काळात दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरत आली आहे. स्थान बदलले तरी 'डकार' हे नाव कायम राहिले.

२. मृत्यूच्या जोखमीचे प्रकार

२.१ वेग व आघात

ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ४४ मीटर अंतर कापते. याचा अर्थ असा की, रोडबुकावर एक सेकंद नजर टाकणारा मोटारसायकलस्वार तेवढे अंतर समोर न पाहता पार करतो. वाळवंटात दुपारच्या उन्हात सावल्या नाहीशा होतात आणि खड्डा, उंचवटा वा वालुकागिरीची तुटलेली कड सपाट जमिनीसारखी भासते. वालुकागिरीची एक बाजू मंद उताराची तर दुसरी तीव्र उताराची असते. माथ्यापलीकडे काय आहे हे माथ्यावर पोहोचल्याखेरीज कळत नाही.

आघाताची तीव्रता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९० ऐवजी १६० किलोमीटर वेगाने झालेल्या आघातात गतिज ऊर्जा तिपटीहून अधिक असते. मोटारीभोवती पोलादी पिंजरा असतो, चालक पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत मात्र त्याचे शरीरच वाहनाचे बाह्य कवच ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००५ सालचे आहे. त्या वर्षी जानेवारी महिन्यात स्पॅनिश मोटारसायकलस्वार होसे मानुएल पेरेस याच्या मृत्यूपाठोपाठ ११ जानेवारी रोजी मॉरिटानियात इटलीचा फाब्रिझिओ मेओनी मरण पावला. मेओनी हा २००१ व २००२ या दोन्ही वर्षांचा विजेता होता. अननुभवी, हौशी स्पर्धकच मृत्युमुखी पडतात, हा समज या घटनेने खोटा ठरविला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा अँडी कॅल्डेकॉट हा कसलेला मोटारसायकलस्वार मॉरिटानियातच पडून गेला.

२.२ उष्णता, निर्जलीकरण व थकवा

सर्वच मृत्यू आघाताने होत नाहीत. कडक उन्हात संरक्षक पोशाख घालून श्रम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. ती भरपाई झाली नाही तर रक्ताचे घनफळ घटते, घाम येण्याची प्रक्रिया मंदावते आणि शरीराचे आंतरिक तापमान चढू लागते. ते ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यास मेंदूच्या कार्यात बिघाड होतो. या अवस्थेचा खरा धोका असा की, तिची जाणीव होण्यासाठी जी निर्णयशक्ती लागते तीच सर्वप्रथम क्षीण होते. उष्माघाताच्या उंबरठ्यावरील माणूस स्वतःला ठीक समजतो.

त्यात अपुऱ्या झोपेची भर पडते. पहाटे अंधारात निघालेला स्पर्धक सायंकाळी वा रात्री तळावर पोहोचतो. साहाय्यकांचे पथक नसलेल्या स्पर्धकाला त्यानंतर स्वतःच आपल्या वाहनाची दुरुस्ती करावी लागते. असे दहा-बारा दिवस गेल्यावर येणारी बधिरता हे कोणत्याही शवविच्छेदन अहवालात न उमटणारे कारण होय.

२.३ हरवणे

हरवणे हा वाळवंटातील सर्वांत जुना धोका. १९८२ साली ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे पुत्र मार्क थॅचर आपल्या सहकाऱ्यांसह अल्जीरियाच्या वाळवंटात बेपत्ता झाले व सहा दिवसांनी सापडले. पुढच्याच वर्षी तेनेरे वाळवंटात वादळामुळे सुमारे चाळीस स्पर्धकांची वाट चुकली.

उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रणा आल्यानंतर हा धोका संपला असे मानले गेले. तथापि २००९ सालच्या घटनेने तो विश्वास डळमळीत केला. दक्षिण अमेरिकेतील पहिल्याच स्पर्धेत फ्रेंच मोटारसायकलस्वार पास्काल तेरी हा दुसऱ्या टप्प्यात बेपत्ता झाला. त्याच्याविषयी मिळालेल्या गोंधळाच्या माहितीमुळे शोधकार्यास विलंब झाला आणि तीन दिवसांनी दाट झुडपांच्या दुर्गम भागात त्याचा मृतदेह आढळला. त्याच्याजवळ अन्न व पाणी शिल्लक होते. फुफ्फुसांत द्रव साचल्याने मृत्यू आल्याचे नंतर निष्पन्न झाले. माणूस कोठे आहे हे यंत्राला ठाऊक असणे आणि त्याला मदतीची गरज आहे हे माणसांच्या वेळेवर ध्यानात येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२.४ राजकीय हिंसा

स्पर्धेचा मार्ग अनेकदा अशांत प्रदेशांतून गेला आहे. १९९१ साली मालीमध्ये एका साहाय्यक ट्रकच्या चालकाचा गोळीबारात मृत्यू झाला. १९९६ साली एका ट्रकखाली भूसुरुंगाचा स्फोट होऊन त्याचा चालक मरण पावला. २००० साली हल्ल्याच्या धोक्यामुळे संपूर्ण ताफा नायजरमधील नियामे येथून अवजड मालवाहू विमानांनी लिबियात हलवावा लागला. २४ डिसेंबर २००७ रोजी मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर ४ जानेवारी २००८ रोजी, लिस्बनहून स्पर्धा निघण्याच्या आदल्या दिवशी, ती रद्द करण्यात आली. आफ्रिकेतील पर्वाची ती अखेर ठरली. जेद्दा येथे ३० डिसेंबर २०२१ रोजी एका स्पर्धकाच्या वाहनाखाली स्फोट होऊन तो गंभीर जखमी झाला. स्थलांतराने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, हेच यावरून दिसते.

२.५ स्पर्धेबाहेरील व्यक्तींचे मृत्यू

स्पर्धक नसलेल्या मृतांची यादी मोठी आहे. १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये वाळूच्या वादळात हेलिकॉप्टर कोसळून स्पर्धेचा संस्थापक थिएरी साबीन, प्रसिद्ध फ्रेंच गायक दानिएल बालाव्हान, एक पत्रकार, एक रेडिओ तंत्रज्ञ आणि वैमानिक असे पाच जण मृत्युमुखी पडले. १९८८ हे वर्ष तर विशेष काळे ठरले. सहाशेहून अधिक वाहनांच्या त्या स्पर्धेत सहा जणांचा बळी गेला. त्यांपैकी तिघे स्थानिक रहिवासी होते. मालीतील एक बालिका आणि मॉरिटानियातील एक आई व तिची मुलगी यांचा त्यांत समावेश होता. २००५ साली सेनेगलमध्ये पाच वर्षांची एक बालिका साहाय्यक ट्रकखाली सापडली. २००६ साली गिनी व सेनेगल या देशांत दोन मुलगे वाहनांखाली सापडून मरण पावले.

दक्षिण अमेरिकेत रस्त्यालगत जमणाऱ्या प्रचंड गर्दीने हा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आणला. २०१० साली अर्जेंटिनात पहिल्याच टप्प्यात मार्ग सोडून गेलेल्या मोटारीने एका प्रेक्षक महिलेचा बळी घेतला. जोडमार्गावरील रहदारीही तितकीच घातक ठरली. २०१३ साली पेरूमध्ये एका साहाय्यक वाहनाची टॅक्सीशी टक्कर होऊन दोन स्थानिक व्यक्ती दगावल्या; त्याच वर्षी फ्रेंच मोटारसायकलस्वार थॉमस बुर्जें हा विशेष टप्प्याकडे जात असताना चिलीच्या पोलीस वाहनाशी झालेल्या धडकेत मरण पावला. २०२२ साली सौदी अरेबियात स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी एका तरुण मेकॅनिकचा जोडमार्गावर मृत्यू झाला, तर २०२३ साली वालुकागिरीच्या आड उभा असलेला एक इटालियन प्रेक्षक ट्रकच्या धडकेने गेला.

३. सुरक्षाव्यवस्थेची वाटचाल

सुरक्षाविषयक बहुतेक सुधारणा कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतर आल्या. त्यांचे स्थूलमानाने चार भाग पडतात.

पहिला भाग वेगनियंत्रणाचा. १९८८ साली डाफ कंपनीचे ट्रक ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने मोटारींना मागे टाकत होते. त्यांतील एका ट्रकच्या अपघातात त्याचा मार्गदर्शक मृत्युमुखी पडल्यानंतर १९८९ च्या स्पर्धेत ट्रकगटच ठेवला गेला नाही. पुढील काळात ट्रकसाठी ताशी १४० आणि मोटारसायकलींसाठी ताशी १६० किलोमीटर अशा कमाल मर्यादा आल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित असलेल्या भल्यामोठ्या इंजिनांच्या मोटारसायकली मागे पडून इंजिनाची क्षमता ४५० घन सेंटिमीटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. गावांतून व धोकादायक भागांतून जाताना 'मंदगती क्षेत्रे' आखण्यात आली. मर्यादा ओलांडल्याची नोंद वाहनावरील यंत्र आपोआप करते आणि स्पर्धकाला वेळेचा दंड होतो. २०२१ पासून काही अवघड भागांत मोटारसायकलींसाठी ताशी ९० किलोमीटरची मर्यादा लागू झाली.

दुसरा भाग शोध व सुटकेचा. प्रत्येक वाहनावर उपग्रहाशी जोडलेले मागनिदर्शक यंत्र असते. जोराचा आघात झाल्यास अथवा वाहन अनपेक्षितपणे थांबल्यास नियंत्रण कक्षाला सूचना मिळते. स्पर्धकही कळ दाबून मदत मागू शकतो. डॉक्टरांसह सज्ज असलेली हेलिकॉप्टरे त्या स्थळी पाठवली जातात. मागून येणाऱ्या मोठ्या वाहनाने पुढच्या लहान वाहनाला ध्वनिसंकेत देण्याची यंत्रणाही बसवली जाते. धुळीच्या लोटात मागचा ट्रक दिसत नसलेल्या मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने हा संकेत म्हणजे जीवनरक्षक कवचच होय.

तिसरा भाग शरीरसंरक्षणाचा. पाण्याचा किमान साठा, आरसा, दिवा व उष्णतारोधक चादर असे जीवरक्षक साहित्य जवळ बाळगणे सक्तीचे आहे. इंधन भरण्याच्या ठिकाणी मोटारसायकलस्वारांना पंधरा मिनिटांची सक्तीची विश्रांती दिली जाते व हा काळ शर्यतीच्या वेळेत धरला जात नाही. २०२१ पासून मोटारसायकलस्वारांना हवेने फुगणारे संरक्षक जाकीट बंधनकारक झाले.

चौथा भाग अधिक सूक्ष्म आहे. पूर्वी रोडबुक आदल्या सायंकाळी मिळे. संपन्न संघ उपग्रहचित्रांच्या आधारे रात्रभर त्याचा अभ्यास करून घेत आणि त्यांचे स्पर्धक दुसऱ्या दिवशी अधिक निर्धास्तपणे वेग वाढवीत. आता ते सुटण्यापूर्वी काही मिनिटे दिले जाते. वाट अवघड करून वेग कमी करणे, हे यामागील तत्त्व होय. वाट शोधण्यासाठी थांबावे लागणारा स्पर्धक हळू जातो आणि हळू जाणारा जगण्याची शक्यता अधिक असते.

याच संदर्भात परस्परसाहाय्याच्या परंपरेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अपघातग्रस्ताजवळ थांबणाऱ्या स्पर्धकाचा खर्ची पडलेला वेळ त्याला परत दिला जातो. २०१६ साली पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्वेस मांडीचे हाड मोडलेल्या ऑस्ट्रियाच्या माथियास वाल्कनरसाठी असाच थांबला होता. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियातील सातव्या टप्प्यात गोन्साल्वेस स्वतः कोसळला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा विजेतेपदाचा दावेदार टोबी प्राइस शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. यंत्रणेने सूचना दिली, हेलिकॉप्टर आले, पण गोन्साल्वेस वाचू शकला नाही. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा त्याच्या स्मरणार्थ रद्द करण्यात आला.

४. सुधारणांचे फलित व जोखीम-भरपाईचा प्रश्न

या सुधारणांचा उपयोग झाला काय? २०१५ नंतर २०२० पर्यंत स्पर्धकाच्या मृत्यूची नोंद झाली नाही, हे एक आशादायक चित्र आहे. मात्र २०२० साली गोन्साल्वेसपाठोपाठ नेदरलँड्सचा एडविन स्ट्रॅव्हर, २०२१ साली फ्रान्सचा पिएर शेर्पँ आणि २०२४ साली स्पेनचा कार्लेस फाल्कोन हे मोटारसायकलस्वार स्पर्धेतील अपघातांनंतर मरण पावले. यांपैकी शेवटच्या तिघांचा मृत्यू अपघातस्थळी झाला नाही. अपघातानंतर काही दिवसांनी झाला. म्हणजे सुटका व उपचार यांची गती वाढली. आघाताची तीव्रता मात्र मानवी शरीराच्या मर्यादेपलीकडचीच राहिली.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्टझमन यांनी १९७५ साली मोटार-सुरक्षाविषयक कायद्यांच्या संदर्भात असे प्रतिपादन केले होते की, सुरक्षासाधने वाढल्यावर चालक अधिक बेफिकीरपणे वाहन चालवतो आणि त्यामुळे सुरक्षेचा काही लाभ नष्ट होतो. या सिद्धान्ताविषयी मतभेद आहेत. तथापि शर्यतीत, जेथे वेग हेच उद्दिष्ट असते, तेथे त्याचा प्रत्यय येण्याची शक्यता अधिक संभवते. उत्तम धक्काशोषक आणि भक्कम चौकट यांमुळे मिळालेली स्थिरता स्पर्धक वेगात खर्च करतो. म्हणूनच चालकाच्या विवेकावर अवलंबून असलेल्या उपायांपेक्षा वेगमर्यादा, इंजिनक्षमता व मार्गाची रचना यांसारखे त्याच्या इच्छेपलीकडचे उपाय अधिक विश्वासार्ह ठरतात.

५. संमतीचा प्रश्न

येथवर विवेचन प्रामुख्याने स्पर्धकाच्या जोखमीचे झाले. स्पर्धक प्रौढ असतो, त्याला धोक्याची कल्पना असते, तो प्रवेशशुल्क भरतो आणि करारपत्रावर स्वाक्षरी करतो. त्याच्या मृत्यूचे दुःख असले तरी त्याच्या निवडीचा आदर करता येतो. गिर्यारोहकाबाबत आपण हेच म्हणतो.

परंतु २००५ साली सेनेगलमध्ये गेलेल्या पाच वर्षांच्या बालिकेने कोणती निवड केली होती? तिने करारपत्र पाहिले नव्हते. शर्यत तिच्याकडे आली होती; ती शर्यतीकडे गेली नव्हती. गिर्यारोहणाशी असलेले साम्य येथे संपते. पर्वतावरून कोसळणारा गिर्यारोहक सहसा पायथ्याच्या गावातील लेकराला सोबत नेत नाही.

या प्रश्नाला आर्थिक विषमतेची बाजू आहे. १९८८ च्या दुर्घटनांनंतर व्हॅटिकनच्या मुखपत्राने भुकेने व तहानेने गांजलेल्या प्रदेशात चाललेल्या या वैभवप्रदर्शनावर कठोर टीका केली होती. स्पर्धेमुळे स्थानिकांना रोजगार व प्रसिद्धी मिळते, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्य आहे. मात्र लाभ मिळणारे व जोखीम वाहणारे हे एकच लोक नसतात. तळाजवळच्या व्यापाऱ्याला लाभ होतो. मार्गावरच्या वस्तीतील मुलाच्या वाट्याला धूळ येते.

मृतांच्या नोंदीतही ही विषमता उमटते. स्पर्धकाचे नाव, वय, राष्ट्रीयत्व आणि कारकीर्द जगभर प्रसिद्ध होते. गावातील मृत मुलाचा उल्लेख बहुधा वयापुरता उरतो. गणनांत फरक पडतो तो प्रामुख्याने अशाच मृत्यूंबाबत. ज्याची नीट मोजदाद होत नाही त्याचे संरक्षणही नीट होत नाही. कारण सुरक्षेचे नियम नोंदींवरूनच ठरतात.

अर्थात, हा प्रश्न अनुत्तरित राहिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावांतील वेगमर्यादा, प्रेक्षकांसाठी आखून दिलेल्या जागा आणि विरळ वस्तीच्या प्रदेशाची निवड या तिन्ही गोष्टी त्याच दिशेने जातात. सौदी अरेबियातील 'रुब अल् खाली' या विस्तीर्ण निर्जन वाळवंटात वस्तीशी गाठ पडण्याचा संभव फारच कमी असतो. मात्र जोडमार्ग सार्वजनिक रस्त्यानेच जातो. थकलेल्या साहाय्यकांची अवजड वाहने रात्री-अपरात्री त्यावरून धावतात. स्पर्धकाच्या वाहनाइतकी देखरेख साहाय्यक वाहनांवरही ठेवली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.

६. भारतीय संदर्भ

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा विषय भारतीय वाचकाला परका वाटला असता. आज तशी स्थिती नाही. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ साली डकार रॅलीत सहभागी झाला व त्याने ती पूर्ण केली; असे करणारा तो पहिला भारतीय मोटारसायकलस्वार होय. हीरो व टीव्हीएस या भारतीय कंपन्यांचे संघ त्यानंतर नियमाने उतरू लागले. २०२४ साली केरळच्या हरिथ नोआने आपल्या गटात विजेतेपद मिळविले, तर हीरो संघाचा बोट्स्वानाचा रॉस ब्रांच एकूण क्रमवारीत दुसरा आला. पुण्याचे संजय टकले २०२५ साली जुन्या वाहनांच्या 'डकार क्लासिक' विभागात उतरले.

यशाबरोबर जोखीमही भारतीय संघांच्या वाट्याला आली. पाउलो गोन्साल्वेस मृत्यूसमयी हीरो संघाचाच स्पर्धक होता. २०२१ साली चौथ्या टप्प्यात झालेल्या अपघातानंतर सी. एस. संतोषला रियाध येथील रुग्णालयात औषधांच्या साहाय्याने बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. सुदैवाने तो बरा झाला. २०२२ साली हीरो संघाला पहिला टप्पाविजय मिळवून देणारा जोआकिम रॉड्रिग्स हा गोन्साल्वेसचा मेहुणा होता, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे.

राजस्थानच्या वाळवंटातही रॅली शर्यती भरत आल्या आहेत. तेथील वाटा निर्जन नाहीत. ढाणी, कुरणे, उंटांचे व मेंढ्यांचे कळप यांनी त्या व्यापलेल्या आहेत. महाराष्ट्रातील धूळभरल्या रस्त्यांवरील रॅलींनाही हेच लागू पडते. त्यामुळे आफ्रिकेतील गावांचा धडा भारतीय संयोजकांना अधिक जवळचा आहे.

निष्कर्ष

१) वाळवंटी रॅली शर्यतीत धोका हा स्पर्धेच्या मूळ कल्पनेतच अंतर्भूत असल्याने तो शून्यावर आणणे शक्य नाही; तथापि त्याचे स्वरूप व वाटप बदलता येते.
२) मृत स्पर्धकांत मोटारसायकलस्वार बहुसंख्य आहेत. शरीराचे अपुरे संरक्षण आणि एकट्याने वाट शोधण्याचा ताण ही त्यामागील दोन प्रमुख कारणे आहेत.
३) वेगमर्यादा, इंजिनक्षमतेचे नियंत्रण व वेग रोखणारी मार्गरचना हे उपाय स्पर्धकाच्या विवेकावर सोपवलेल्या उपायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव आहे.
४) माग काढणाऱ्या यंत्रणेमुळे सुटकेची गती वाढली, मात्र माहितीचा योग्य अर्थ लावणारे दक्ष मनुष्यबळ नसल्यास यंत्रणा निरुपयोगी ठरते.
५) जोडमार्ग व साहाय्यक वाहने हा सुरक्षाव्यवस्थेतील दुर्लक्षित भाग असून त्याकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे.
६) त्रयस्थ व्यक्तींच्या मृत्यूंची स्वतंत्र, नावानिशी व सातत्यपूर्ण नोंद संयोजकांनी ठेवावी व प्रसिद्ध करावी.

समारोप

साहस हा मानवी संस्कृतीचा एक तेजस्वी पैलू आहे. जो माणूस स्वतःच्या मर्यादा जाणून घेण्यासाठी वाळवंटात उतरतो, त्याला तेथून परावृत्त करण्याचा अधिकार समाजाला आहे काय, याविषयी दुमत संभवते. मात्र साहसाची किंमत साहस करणाऱ्यानेच चुकवावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सुरक्षाव्यवस्थेचे मूल्यमापन किती विजेते डकारला पोहोचले यावरून किंवा केवळ किती स्पर्धक वाचले यावरूनही करता येणार नाही. शर्यतीची धूळ खाली बसल्यावर वाटेवरच्या वस्तीतील सर्व मुले आपापल्या घरी परतलेली असणे, ही त्या व्यवस्थेची खरी कसोटी होय.